जखम भरू देऊ नका

डॉक्टर जे म्हणले ते मला बराबर ऐकू आल्तं. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, न्हाई तर लिहिता लिहिता मीच माझी बाजू घ्यायला लागन. दवाखान्यात लई गर्दी व्हती, डॉक्टर जल्दी जल्दी बोलत व्हते, असलं कायबाय घुसडून दीन. गर्दी व्हती. डॉक्टर जल्दी बी बोलत व्हते. पण मला ऐकू आल्तं. एकेक शब्द.

तव्हा आमच्याकडं हैदराबादचं राज्य व्हतं, मी जालन्यात शिकत व्हतो अन् मस्तगडात एका खोलीत राहत व्हतो. गाव आमचं अंबडकडं. गावची शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं जालन्यात अन् सगळं उर्दूत. हिसाब उर्दूत, जुग्राफिया म्हणजे भूगोल उर्दूत, मास्तराच्या शिव्या बी उर्दूत. आता बाजारापुरतं हिंदुस्थानी आमच्याकडं कोणाला येत न्हाई? बांगडीवाल्यासंगं माय बी बोलायची. पण माझं उर्दू किताबी व्हतं. सुट्टीत गावी गेलो का लोक सरकारी कागद घेऊन दारात उभे. मी घसा खाकरून वाचायचो, मंग मराठीत सांगायचो, अन् म्हातारे म्हणायचे, "पोरगं मुन्शी व्हतंय बघा." मी लई चढलो व्हतो. आता आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम व्हत्यात.

माझी मोठी बहीण, आक्का, वाटूरला दिलेली. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. त्या साली खरिपाची ज्वारी काढायच्या टायमाला दाजी तिला परतूरहून रेलनं घेऊन आले अन् माझ्या खोलीत सोडलं. संगं गावाकडून माय आल्ती. आक्कानं पदर गालावर दाबून धरला व्हता. मला वाटलं दाढ दुखून राह्यली. तिनं पदर काढला. उजव्या अंगाला, खालच्या जबड्यावर, लिंबाएवढी गाठ.

"दुखतंय का?"

"न्हाई रे. दुखलं असतं तर बरं झालं असतं, लोकांनी आजारी तरी म्हणलं असतं. सासूबाई म्हणत्यात कामाच्या टायमाला तंबाखूचा बार भरून बसती."

वाटूरला कोणीतरी दाढ उपटून दिल्ती, लेप लावून झाल्ते, गाठ वाढतच व्हती. आक्का म्हणली, "दाबून बघ. दाब, घाबरू नको. वाजती." मी बोटानं दाबलं. वाळल्या पापडावर बोट ठेवावं तसं आतून कर्र झालं. मी हात असा ओढला का आक्का हसायलाच लागली. माय तिच्यावर डाफरली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टर हैदराबादहून बदलून आल्ते, मराठी त्यान्ला येत नव्हतं. रांगेत आमच्यापुढं एक म्हातारे बाबा व्हते. ते म्हणले, "साब, पोट में लई दुखून राह्यला." मी मधीच तोंड घातलं. म्हणलो, "हुजूर, इनके शिकम में शदीद दर्द है." अख्खा व्हरांडा हसला. म्हातारे बाबा बी हसले, पण मान खाली घालून. डॉक्टरनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं अन् म्हणले, "शाबाश, मुन्शीजी." झालं! मी त्या दिवशी जमिनीवर चालतच नव्हतो.

डॉक्टरनं आक्काच्या गाठीत सुई घालून पाणी काढलं. करडीच्या तेलावानी पिवळं, अन् खिडकीच्या उजेडात धरलं तर त्याच्यात बारीक बारीक कायतरी चमकायचं. मंग त्यांनी समजावून सांगितलं अन् मी मराठीत सांगत गेलो. हे काम मी खरंच चांगलं केलं. जबड्याच्या हाडात पाण्याची एक थैली झाली हाय. ती फुगती अन् हाडाला आतून खाऊन पातळ करती. इलाज दोन. एक, तेवढं हाडच कापून काढायचं. मंग गाल बसतो, त्या बाजूनं चावता येत न्हाई, बोलणं बी बदलतं. दुसरा इलाज असा का हाडाला हात लावायचाच न्हाई. तोंडाच्या आतून थैलीला एक खिडकी पाडायची, थैलीची किनार हिरडीला शिवून टाकायची. पाणी साठलंच न्हाई तर थैलीचा जोर जातो, अन् हाड आपलं आपण आतून भरत येतं. महिने लागत्यात, पण जबडा राहतो.

"म्हणजे माह्या तोंडाला खिडकी पाडणार?" आक्का म्हणली.

"हाव."

"पाडा म्हण. सासूबाईला डोकावून बघता येईन तंबाखू हाय का न्हाई ते."

"गप गं," माय म्हणली, "दवाखान्यात हाय आपण."

हिरडीत सुई टोचून जागा बधिर केली अन् खिडकी पाडली. आक्का बाहेर आली तव्हा तोंडात बोळा व्हता, डोळे लाल, पण स्वतःच्या पायानं चालत आली. डॉक्टर हात पुसत मागं आले. तिच्या त्या भोकात औषधात भिजवलेल्या जाळीच्या कापडाची लांब पट्टी कोंबून ठेवल्ती, तिला दवाखान्यात समदे बत्ती म्हणायचे. डॉक्टर मला म्हणले:

"जख्म का मुँह भरने मत देना. पहले अंदर से भरेगा. मुँह खुला रहना चाहिए, बत्ती निकलनी नहीं चाहिए. समझे, मुन्शीजी?"

"जी, समझ गया."

न्हाई समजलं. म्हणजे शब्द समजले, पण जखम भरू देऊ नका? हे काय बोलणं झालं? आबाच्या, माझ्या बापाच्या, पायाला कुऱ्हाड लागल्ती तव्हा माय रोज पट्टी सोडून एकच बघायची, भरली का. बैलाचा खांदा सोलला तरी तेच, भरला का. आमच्याकडं जखमेला दुसरं कामच न्हाई, तिनं भरायचं. भरू देऊ नका हे माणूस दुश्मनाला म्हणन. मला वाटलं डॉक्टरच्या बोलण्यात कायतरी उलटसुलट झालं, न्हाई तर ही हैदराबादची कायतरी बोलायची तऱ्हा असन.

पुन्हा विचारायचं. एवढंच करायचं व्हतं. "हुजूर, भरने नहीं देना, मतलब?" पाच शब्द. पण मागं तेच रांगेतले लोक उभे, अन् मला नुकतंच मुन्शीजी म्हणलेलं.

माय म्हणली, "काय म्हणले रे साहेब?"

मी म्हणलो, "भरेपर्यंत बत्ती ठेवायची, मिठाच्या पाण्यानं धुवत राह्यचं. जखम भरली का झालं."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं दुखत असन.

मंग सुरू झालं. दर जेवणानंतर माय काचेच्या पिचकारीनं तिचं तोंड धुवायची, आठवड्याला दवाखान्यात बत्ती बदलायची. त्या बत्तीचा वास! पिवळा, कडू, नाकात बसणारा. खोलीला वास, भाकरीला वास, माझ्या वह्यांना वास. शाळेत बाजूचा पोरगा म्हणायचा, "तू दवाखान्यात झोपतो का रे?" पण गाठ उतरत चालली. आक्का आरशात बघून मुका घेतल्यावानी ओठ करायची अन् मायला हसवायची.

दोन महिन्यांनी डॉक्टर दौऱ्यावर गेले. त्याच आठवड्यात एका सकाळी बत्ती आपली आपण निघून आली. मायनं परत घालायला बघितली तर जाईना, भोक मोहरीएवढं राह्यल्तं. दोनचार दिवसांनी तेवढं बी न्हाई. मायनं आक्काला दारात उजेडात बसवलं, ओठ खाली ओढला अन् वरडली, "भरली गं बाई, भरली! नुसता गुलाबी वण राह्यला!" तिनं गल्लीत गूळ-खोबरं वाटलं.

आक्का म्हणली, "एकदा डॉक्टरला दाखवून येऊ ना. आठ दिवसांत येत्यात म्हणले."

मी म्हणलो, "कशाला? भरली का झालं. मी सांगून राह्यलो ना."

हे वाक्य मी म्हणलो. तिला दाखवून यायचं व्हतं अन् मी म्हणलो, मी सांगून राह्यलो ना.

दाजी येऊन तिला घेऊन गेले. ऊन तापायला लागलं तव्हा परत घेऊन आले. या वेळेला पदर झाकून झाकला जात नव्हता. गाठ हनुवटीपर्यंत आल्ती, पुढचे दोन दात हलत व्हते. माय बी गावाहून धावत आली.

डॉक्टरनं तिचा ओठ ओढला अन् त्यान्चा चेहराच बदलला. "किसने बंद होने दिया? मैंने कहा नहीं था, मुँह भरने मत देना?"

दाजी मला म्हणले, "काय म्हणून राह्यले?"

मी म्हणलो, "ते म्हणत्यात, खिडकी बंद कशी झाली. उघडी राह्यला पाह्यजे व्हती."

एवढं सांगितलं. खरंच व्हतं ते, पण कोणामुळं बंद झाली ते त्याच्यात नव्हतं. दाजी आक्काकडं वळले. "तुला एवढी एक बत्ती सांभाळता आली न्हाई?" माय म्हणली, "अहो जावईबापू, भरली असं वाटलं..." दाजी म्हणले, "तुम्ही गप बसा मामी, तिच्या तोंडातलं तिला कळायला नको?" आक्का खाली बघत व्हती. मी तिच्या बाजूलाच उभा व्हतो. हात लावला असता तर लागला असता, एवढ्या जवळ.

डॉक्टर म्हणले, हाड आता लई पातळ झालं. खिडकी परत पाडता येईन, पण ज्या घरात धुणं-निगा व्हत न्हाई तिथं परत तेच व्हणार, अन् मंग जबडा भाकरी चावता चावता मोडन. "इनसे सफाई नहीं होगी. हड्डी काटना ही ठीक है." मी हे मराठीत सांगितलं. दाजी म्हणले, "मंग कापून टाका म्हण एकदाच. हिच्याच्यानं न्हाई व्हायचं." ते काय दुष्ट नव्हते. माणूस दोन वेळा काम सोडून, बायकोला घेऊन आला व्हता, अन् त्याला समजलं तेवढ्यावर बोलत व्हता. त्याला समजलं तेवढं मीच सांगितलेलं.

आक्कानं हात उचलून गालावर ठेवला. गाठीवर न्हाई, दुसऱ्या, चांगल्या गालावर.

तव्हा मी बोललो. पण कसा बोललो बघा! एकदम किताबी उर्दूत, जेवढे जड शब्द येत व्हते तेवढे सगळे घालून: "हुजूर, तर्जुमे का कसूर मुझसे सरजद हुआ. हमशीरा बेकसूर हैं." म्हणजे उलटं मीच सांगितलं, बहिणीची चूक न्हाई; हे डॉक्टरला सगळं कळावं अन् बाजूच्या तिघांना काहीच कळू नये, असं. मी शिकलो ते या कामाला आलं.

डॉक्टरनं चष्मा काढला. मुन्शीजी म्हणले न्हाईत. हळू आवाजात म्हणले, "पूछ लेते तो क्या बिगड़ता?" मंग कागदावर कायतरी लिहिलं अन् सांगितलं, आणखी एकदा खिडकी. धुवायचं काम तू करायचं, रोज दाखवायला तू आणायचं. या वेळेला बंद झाली तर हाड कापणार.

"काय म्हणले?" दाजी.

"आणखी एकदा बघू म्हणले. मी विनंती केली. धुवायचं काम माझ्याकडं दिलं."

"बघ," दाजी आक्काला म्हणले, "भाऊ हाय म्हणून जबडा राह्यला तुझा."

मायनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

या वेळेला डॉक्टरनं खिडकी मोठी पाडली अन् काही दिवसांनी बत्तीच्या जागी रबराचं एक बूच बनवून दिलं, जेवण झालं का काढायचं, धुवायचं, परत बसवायचं. सकाळी शाळेच्या आधी, दुपारी पळत येऊन, संध्याकाळी. पिचकारीनं पाणी सोडायचो तर पहिल्यांदा दोन पळ्या पाणी आत मावायचं. मी मोजायचो. दोन पळ्यांची दीड झाली तव्हा मी एकटाच खोलीत नाचलो. डॉक्टर दर वेळी बुचाचं टोक कानशीनं घासून कमी करायचे, कारण तळातून हाड वर यायला लागल्तं. मी रोज त्यान्ला डोक्यात असलेलं सगळं विचारायचो. येड्यावानी, तेच तेच. बूच रात्री काढायचं का? पाणी कोमट का गरम? ते कधीच चिडले न्हाईत.

एक दिवस दुपारी आक्का तोंड उघडून बसल्ती, मी पिचकारी मारून राह्यलो अन् संगं बडबडत व्हतो, का डॉक्टर आज खूश व्हते, का तळाला बोटभर हाड आलं. तिनं पाणी तस्तात थुंकलं, ओठ पुसले अन् म्हणली:

"कसूर म्हणजे काय ते मला कळत न्हाई, असं वाटलं व्हय तुला?"

माझ्या हातातून बूच पडलं. खोलीत ते शोधायला मी खाली वाकलो अन् लई वेळ वाकलेलाच राह्यलो, बूच समोर दिसत व्हतं तरी.

"बाकीचं न्हाई कळलं," ती म्हणली, "सरजद का काय ते. पण कसूर कळलं. बेकसूर बी कळलं. पोलीस पाटलाच्या दारात रोज ऐकतंय माणूस."

"मंग... पहिल्यांदा डॉक्टर म्हणले ते?"

"भरने मत देना. त्याच्यात काय फारसी हाय?"

"तू ऐकल्तं? मंग बोलली काहून न्हाई?"

"तोंडात बोळा व्हता, लेका."

"नंतर तरी?"

"मला वाटलं मलाच नीट कळलं न्हाई. तू शिकलेला. तू म्हणला भरेपर्यंत, म्हणलं तेच खरं असन." मंग म्हणली, "दे ते बूच इकडं. धू आधी, जमिनीवरचं हाय."

मी धुतलं. माझ्या डोळ्याला कायच दिसत नव्हतं. मी म्हणलो, "मी दाजीला कागद लिहितो आजच."

"कागद न्हाई. त्यान्ला वाचता येत न्हाई, दुसरं कोणी वाचून दाखवीन अन् आणखी कायतरी सांगन. तुझ्या तोंडानं सांग. वाटूरला येऊन, मराठीत." मंग तिनं ते बी सांगितलं, जे मला म्हाईत नव्हतं. वाटूरहून आलेल्या बायांकडून तिला कळल्तं, तिच्या सासरी आता दिवा विझला तरी सासू म्हणायची, "हिच्याच्यानं कोणतीच बत्ती सांभाळली जात न्हाई." जावा हसायच्या. शेजारच्या बाया बी म्हणायला लागल्त्या.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरनं जबड्यावर अंगठा दाबला. कर्र न्हाई, काही न्हाई, घट्ट हाड. आत खिडकीच्या जागी नुसता एक खळगा राह्यल्ता, बोटाचं टोक टेकन एवढा. डॉक्टर म्हणले, "अब भरने दो." मी दोन वेळा विचारलं, भरने देना? मुँह भी? ते हसले. जबडा राह्यला. गाल बसला न्हाई, बोलणं बदललं न्हाई, हलणारे दोन दात बी घट्ट झाले.

मी आक्काला पोचवायला वाटूरला गेलो. रस्त्यानं सारखं मनात जुळवत व्हतो. घरी सासू, दाजी, दोन जावा, शेजारची एक म्हातारी, सगळे व्हते, आक्काचा गाल बघायला जमलेले. पानं वाढली. मी पाटावर बसलो अन् बसल्याबरोबर बोलून टाकलं, न्हाई तर बोललोच नसतो.

"दाजी, पहिल्यांदा खिडकी बंद झाली ती आक्कामुळं न्हाई. डॉक्टर म्हणले व्हते भरू देऊ नका. मी उलटं सांगितलं. मला विचारायची लाज वाटली. आक्काची काय चूक न्हाई."

जाऊबाईची वाढता वाढता पळी थांबली. मी म्हणलो आता दाजी उठून मारत्यात, अन् मारावं असं मला खरंच वाटत व्हतं.

सासूबाईनं डोळ्याला पदर लावला. "बघा गं बाई," त्या शेजारणीला म्हणल्या, "बहिणीला झाकायला स्वतःच्या अंगावर घेऊन राह्यला. एवढा शिकलेला पोरगा! असला भाऊ नशिबानं मिळतो."

"मावशी, न्हाई, खरंच मीच..."

"बस, बस. जेव आता."

दाजी म्हणले, "मला काय म्हाईत न्हाई व्हय? डॉक्टरसंगं कसं फाडफाड बोलत व्हता हा. ह्याला कळलं न्हाई म्हणं!" अन् ते माझ्याकडं बघून हसले, मायेनं.

मी परत सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. जेवढं सांगावं तेवढा मी त्यान्ला आणखी गुणाचा दिसायला लागलो. शेजारची म्हातारी म्हणली, "माह्या भावानं तर मला कव्हा चिंधी बी दिली न्हाई."

आक्का तूप घेऊन आली. तिनं माझ्या पोळीवर तूप सोडलं, भरपूर, थांबलीच न्हाई. वाकली तव्हा माझ्या कानाशी म्हणली, "खा, गुणाचा भाऊ."

अन् मी खाल्लं. दोन वेळा वाढून घेतलं.